काटाघराचा बोलका खांब

"दोन रविवारांचं काम आहे," असं हर्योतोने जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोने, रुमीने, हातातल्या शेंगा सुपात परत टाकल्या. सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ती पाचव्यांदा ऐकत होती. पहिल्या वेळचा पंप अजून परसात आतडी बाहेर काढून बसला होता. आपोआप उघडणारं फाटक गेली सात वर्षं आपोआप उघडंच राहत होतं, आणि ते बंद करायला घरातलं कुणीतरी रोज संध्याकाळी चालत जात होतं.

हे काम मात्र वेगळं होतं, असं हर्योतोचं म्हणणं. तसं ते प्रत्येक वेळी असायचं.

गेंदिसान आळीच्या टोकाला बंद पडलेल्या साखर कारखान्याचं काटाघर आहे. विटांची एक लांबट खोली, वर पत्रा, मधे उसाच्या गाड्या तोलायचा लोखंडी काटा. कारखान्याचं बाकी सगळं लोकांनी दारं-खिडक्यांपासून बोल्टापर्यंत कधीच आपापल्या घरी 'सांभाळायला' नेलं होतं. काटा तेवढा उचलवेना म्हणून राहिला. तर त्या जागेवर सरकारी कचेरीला मोटारसायकलींचा तळ करायचा होता. आळीने अर्ज केला की आम्ही तिथे कारखान्याच्या आठवणींचं संग्रहालय करू. कचेरीने तीन महिन्यांनी उत्तर दिलं, करा. मात्र आमचा माणूस पाहणीला येईल त्या दिवशी लोक संग्रहालय वापरताना दिसले पाहिजेत. दिसले नाहीत, तर एक तारखेपासून मोटारसायकली.

आता हर्योतो पडला तंत्रविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा. आळीप्रमुख पाक सुतार्दी, म्हणजे सुतार्दीराव, घरी आले, दोन पेले चहा प्यायले, हवेबद्दल बोलले, हर्योतोच्या तब्येतीबद्दल बोलले, हर्योतोच्या कोंबड्यांच्या तब्येतीबद्दल बोलले, आणि निघताना चपला पायांत सरकवत म्हणाले, "काहीतरी बोलणारं करता आलं तर बघा. हल्ली नुसते फोटो कोण बघतं?"

हर्योतो हो म्हणाला. पण त्याच्या हो म्हणण्याचं खरं कारण पाक सुतार्दी नव्हते. खरं कारण होतं त्याचा सासरा.

म्बाह कार्सो एकतीस वर्षं त्या काट्यावर तोलणारे होते. वय अठ्ठ्याऐंशी, कानाने अधू, पाठीने ताठ. अख्खी आळी त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणायची आणि त्यांच्यासमोर जमिनीशी समांतर व्हायची. लग्नाच्या वर्षी म्बाहनी जावयाला आपला रेडिओ दुरुस्तीला दिला होता. त्यानंतर तो रेडिओ फक्त खरखरला, आणि म्बाह जावयाशी फक्त "बस" आणि "जेवलास?" एवढंच बोलले. सव्वीस वर्षं. कधी कधी "जेवलास?" हेही रुमीकडे बघून विचारत. हर्योतोला एकदा, मरायच्या आधी एकदा, कुणाच्या आधी ते महत्त्वाचं नाही, सासऱ्याच्या तोंडून एक तिसरं वाक्य ऐकायचं होतं. आणि काटाघर म्हणजे सासऱ्याचा जीव होता.

म्हणून बेत असा ठरला की काटाघरातून म्बाहचाच आवाज यायचा. रुमीने महिनाभर वडिलांची नखं कापता कापता, पाय चेपता चेपता, फोनवर त्यांच्या अकरा आठवणी टिपून घेतल्या. म्बाहना वाटत होतं मुलगी ऐकतेय आणि नंतर लिहून काढणार आहे. तिने दोनदा खरं सांगितलं, दोन्ही वेळा त्यांनी "बरं बरं, जरा डावा पाय" असं उत्तर दिलं.

पहिला आराखडा हर्योतोच्या मते इतका सुंदर होता की त्याचं त्यालाच भरून आलं. काट्याच्या दांडीवर तांब्याच्या पट्ट्या, माणसाने हात ठेवला की आठवण सुरू. लोखंडाला हात लावला आणि लोखंड बोललं! विद्यालयातल्या शिक्षकांच्या खोलीत त्याने यावर पाऊण तास भाषण दिलं आणि त्या काळात तीन शिक्षकांना अचानक तास असल्याचं आठवलं.

मग कचेरीच्या सांस्कृतिक विभागातून बु निंग्सिह, म्हणजे निंग्सिहबाई, आल्या. इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर त्याच रंगाचा रुमाल, छातीशी फाईल. त्यांनी तांब्याच्या पट्ट्या पाहिल्या आणि फाईलमधून एक पाटी काढली. 'वस्तूंना हात लावू नये.'

"ही दर्शनी भागात लागेल," त्या म्हणाल्या.

"पण बु, हात लावला तरच ते चालतं."

"मग लावू दे की हात. पाटी कुठे अडवतेय? पाटी नुसती लागली पाहिजे. त्याचा रकाना आहे."

"लोक पाटी वाचून हात लावणार नाहीत हो."

"म्हणजे शिस्त आहे लोकांना," बु निंग्सिह प्रसन्न होऊन म्हणाल्या आणि त्यांनी शिस्तीच्या रकान्यात खूण केली.

तांबं निघालं. दुसऱ्या आराखड्यात बटण आलं, खांबावर, काट्यापासून दूर, म्हणजे ते 'वस्तू' ठरणार नाही. लाल, चांगलं बशीएवढं. आळीतल्या अकरा माणसांना चाचणीसाठी बोलावलं. अकराही जण वेळेवर आले, बटणाभोवती अर्धगोल करून उभे राहिले, आणि थांबले.

"मोंग्गो," पाक सुतार्दी शेजाऱ्याला म्हणाले. म्हणजे, आधी तुम्ही.

"छे छे, तुम्ही आळीप्रमुख. मोंग्गो."

"मी प्रमुख, पण वयाने तुम्ही मोठे."

"वयाने मोठा, पण या भागात मी सतरा वर्षांपूर्वीच आलोय. पाहुणाच म्हणा ना. मोंग्गो, मोंग्गो."

बावीस मिनिटं. हर्योतोने घड्याळ लावून मोजली. शेवटी अकराही जणांनी बटण किती छान दिसतं याची तारीफ केली, खोक्यातला खाऊ उचलला आणि ते घरी गेले. बटण कुणीही दाबलं नाही. ज्याने पहिल्यांदा दाबलं असतं तो आयुष्यभर 'तो बटण दाबणारा' म्हणून ओळखला गेला असता, आणि ही जोखीम गेंदिसानात कोण घेणार?

"माझं ऐका," शेजारचे पाक मुर्जोको म्हणाले. पाक मुर्जोको वीजमंडळातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून जगाला वीज सोडून बाकी सगळ्याचा पुरवठा करत होते. "हातच नको. माणूस समोरून गेला की आपोआप सुरू झालं पाहिजे. मी मोबाईलवर पाहिलंय, जपानात अशी मोरी असते."

हर्योतोला राग आला, कारण सल्ला बरोबर होता.

तिसरा आराखडा म्हणजे सेन्सर. काटा आणि भिंत यांच्यामधे जी चिंचोळी वाट आहे, तिच्या कडेला सागाचा खांब. खांबात सेन्सर. माणूस वाटेतून गेला की एक आठवण वाजणार. पुढचा माणूस गेला की पुढची. सेन्सर किती उंचीवर लावायचा यावर हर्योतोने दोन दिवस चिंतन केलं आणि छातीची उंची ठरवली. पाय कुणाचे कुठेही पडतात, डोकी वरखाली असतात, पण छाती, तो रुमीला म्हणाला, छाती प्रत्येकाला असते.

पहिल्या दिवशी सेन्सरने सत्तर माणसं मोजली. त्यातली बहुतेक पाली होत्या, उरलेल्या पाकोळ्या. मग हर्योतोने त्याला शिकवलं की चांगलं रुंद धड सावकाश समोरून गेलं तरच बोलायचं. पाल नको, पाकोळी नको, नुसता हलवलेला हात नको. तो स्वतः वाटेतून पन्नास वेळा गेला. पन्नास वेळा म्बाहचा आवाज आला. एकटाच होता, त्यामुळे त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

आवाज जरा बारीक येत होता एवढंच. त्यावरही पाक मुर्जोकोंकडे औषध होतं. नमाजघराने नवा कर्णा घेतला होता, जुना माळ्यावर होता. त्यांनी तो आणला, जोडला, तोंड नेमकं खिडकीबाहेर ठेवलं, आणि वर खांब हलू नये म्हणून सेन्सरसकट, त्याचा डोळा तेवढा उघडा ठेवून, बुंध्यापासून छातीपर्यंत सिमेंटमधे बसवून टाकला. हर्योतो शाळेतून येईपर्यंत सिमेंट सुकलंही होतं.

"आता भूकंप झाला तरी हलणार नाही," पाक मुर्जोको म्हणाले.

दुपारी सव्वादोनला चाचणी झाली. आता आमच्याकडे अवेळी कर्णा खरखरला की त्याचा अर्थ एकच असतो, कुणीतरी गेलं. आळीतल्या बायकांनी हातातली कामं थांबवली. कर्णा खरखरला, थांबला, आणि मग स्पष्ट म्हणाला, "कार्सोदिमेजो, गेंदिसान, काटाघर." ही आठवणीची सुरुवात होती. म्बाहनी शिस्तीत आधी आपलं पूर्ण नाव-गाव सांगितलं होतं. पुढचं कुणी ऐकलंच नाही, सगळे कपडे बदलायला घरात पळाले होते.

वीस मिनिटांत रुमीच्या माहेरच्या अंगणात दुखवट्याच्या तांदळाच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या चौदा बायका, खुर्च्या उचलून आणलेले सहा पुरुष आणि हिरवी ताडपत्री आली. म्बाह ओट्यावर बसून कबुतराला दाणे घालत होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

बायकांनी टोपल्या डोक्यावरून उतरवल्या. शेवटी पाक सुतार्दी अर्धे वाकून म्हणाले, "म्बाह, जरा गैरसमज झाला. तुमच्या जावयाने एक यंत्र केलंय."

"अस्सं," म्बाह म्हणाले. त्यांनी ताडपत्रीकडे बघितलं, तांदळाकडे बघितलं, आणि बऱ्याच वेळाने हर्योतोकडे बघितलं. "जेवलास?" त्यांनी विचारलं. त्या एका शब्दात इतकं काही होतं की हर्योतो दोन दिवस खरंच जेवला नाही. कर्ण्याचं तोंड त्याने त्याच संध्याकाळी आत वळवलं.

मग पाहणीचा दिवस उजाडला. सकाळी नऊ वाजता अख्खी आळी बाटिकचे सदरे घालून काटाघरात हजर. बु निंग्सिह फाईल घेऊन दाराशी. दीडशे खोकी खाऊ, त्यात लेंपर म्हणजे केळीच्या पानातली भाताची वळकटी, शेंगदाणे आणि पाण्याचा प्याला. आणि शेवटच्या क्षणी पाक सुतार्दींना एक उत्तम कल्पना सुचली. काट्याचा सगळ्यात जुना माणूस म्बाह कार्सो, तर त्यांची मानाची खुर्ची काट्याजवळच हवी! खुर्ची ठेवली गेली त्या चिंचोळ्या वाटेला लागून, खांबाच्या बरोबर समोर. म्बाह येऊन बसले. दोन्ही हात काठीवर, पाठ ताठ.

हर्योतोने मुख्य बटण चालू केलं आणि लोकांना खूण केली.

पहिले पाक सुतार्दी निघाले. खुर्चीपाशी येताच त्यांची कंबर वाकली, उजवा हात पुढे झाला, तोंडातून "नुवुन सेवु, म्बाह" एवढी क्षमा निघाली आणि ते म्बाहच्या डोक्याच्या पातळीखालून, जवळजवळ रांगत, पलीकडे गेले. खांब गप्प.

दुसरे गेले. खांब गप्प. बायकांचा एक घोळका सरपटत गेला. खांब गप्प. पाक मुर्जोको गेले, पाठीच्या मणक्याचं दुखणं असूनही सगळ्यांत खाली वाकले. खांब सिमेंटमधे मजबूत उभा होता आणि मुका होता.

हर्योतो यंत्राकडे धावला. त्याने लॅपटॉप उघडला. सगळं हिरवं. वायर काढली, घातली. पालींची नोंद बघितली, पालीसुद्धा नव्हत्या. त्याच्या यंत्राच्या मते त्या खोलीत सकाळपासून एकही माणूस आलेला नव्हता.

"पाक हर्योतो," बु निंग्सिह गोड आवाजात म्हणाल्या, "साठ लोक जाऊन आले. हे सुरू कधी होणार?"

"वायरचं काहीतरी—"

"कारण इथे दोनच रकाने आहेत. 'वापरात आहे', 'वापरात नाही'." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. टोपण निघाल्याचा आवाज हर्योतोला कर्ण्यातून आल्यासारखा ऐकू आला.

रुमी त्याच्या कानाशी आली. "अहो, वायर सोडा. बघा जरा. सगळे वाकून जातायत."

हर्योतोने बघितलं. अख्खं गेंदिसान त्याच्या सेन्सरच्या हातभर खालून वाहत होतं. छाती प्रत्येकाला असते हे खरंच होतं. फक्त म्हाताऱ्या माणसापुढून जाताना ती कुठे असते हा प्रश्न त्याला, याच आळीत जन्मून, पन्नास वर्षांत पडला नव्हता. पन्नास चाचण्या त्याने रिकाम्या खोलीत केल्या होत्या.

"सेन्सर खाली घ्या ना," रुमी म्हणाली. दोघांनी सिमेंटकडे बघितलं. पाक मुर्जोकोंनी अभिमानाने त्यावर हात फिरवला.

"बापाकना उठवू?" तिने वडिलांकडे बघत विचारलं.

"मानाच्या खुर्चीवरून? सगळ्यांसमोर?" हर्योतो म्हणाला. रुमीनेच नकारार्थी मान हलवली.

पाक सुतार्दींनी कर्ण्याविना घोषणा केली, "मंडळी, कृपया सरळ चाला. यंत्रासाठी. म्बाहचा अपमान धरला जाणार नाही." लोकांनी माना डोलावल्या आणि आधीसारखेच वाकून गेले. स्वतः पाक सुतार्दी उदाहरण घालून द्यायला निघाले. खुर्चीच्या तीन पावलं अलीकडेपर्यंत ते झेंडावंदनाला निघाल्यासारखे ताठ होते, मग त्यांचे गुडघे त्यांना न विचारता दुमडले. "नाही होत हो," ते पलीकडून घाम पुसत म्हणाले. बु निंग्सिह तर सरकारी माणूस, बाहेरच्या तालुक्यातली. त्या फाईल सावरत निघाल्या आणि फाईलसकट वाकल्या. उठल्यावर त्यांनी गणवेश झटकला आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग त्यांनी कागदावर पेन टेकवलं.

हर्योतो वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. समोर सासरा. ज्या माणसापुढून तो सव्वीस वर्षांत एकदाही सरळ गेला नव्हता, ज्याच्या दारात शिरताना तो फाटकापासूनच कमरेत मोडायचा. सरळ गेलं तर यंत्र बोलेल, जागा वाचेल, आणि त्याला हवं असलेलं ते तिसरं वाक्य बहुधा काठीने मिळेल. न गेलं तर म्बाहच्या काटाघरात मोटारसायकली लागतील. तो घाबरला होता. हे त्याने पुढे कधी कबूल केलं नाही, पण त्याचा सदरा पाठीला चिकटला होता ते सगळ्यांना दिसत होतं.

"पाक हर्योतो, नको," पाक मुर्जोको कुजबुजले. त्यांचा हा सल्ला मात्र हर्योतोने ऐकला नाही.

तो चालू लागला. खुर्चीपाशी कंबर आपणहून मोडायला लागली, तशी त्याने ती दोन्ही हातांनी मागून धरली, अवघडलेल्या बाईसारखी, आणि छाती पुढे काढून तो सासऱ्याच्या नाकासमोरून सावकाश गेला. मागच्या रांगेत कुणाचं तरी खोकं पडलं. एका म्हातारीने डोळे झाकून घेतले.

कर्णा खरखरला.

"कार्सोदिमेजो, गेंदिसान, काटाघर," आवाज घुमला. "शेवटच्या दिवशी ऊस आलाच नाही. संध्याकाळपर्यंत बसलो. काटा तसाच रिकामा सोडून जायचं जिवावर आलं, म्हणून मीच वर चढून उभा राहिलो. काटा काही हलला नाही. बैलगाड्या तोलायचा काटा तो, त्याला माणूस कसा लागणार? एकतीस वर्षं तिथे होतो, आणि काट्याला मी लागलोच नाही. मग उतरलो आणि घरी गेलो."

आवाज थांबला. पाक सुतार्दी उगाच छताकडे बघत होते. हर्योतो वाटेच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरा उभा होता, कंबर अजून हातात.

म्बाह खुर्चीत पुढे झुकले होते. "कोण बोलतोय हा?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, बापाक," रुमी म्हणाली. तिला रडू येत होतं.

"माझा आवाज असा आहे?"

"हो."

"इतकी वर्षं कुणी सांगितलं नाहीत ते," म्बाह म्हणाले. मग ते काट्याकडे बघत राहिले. बु निंग्सिहनी हळूच पहिल्या रकान्यात खूण केली आणि फाईल मिटली, पण त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"हर," म्बाहनी हाक मारली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

हर्योतो वळला आणि वळता वळता जन्माच्या सवयीने पार जमिनीपर्यंत वाकला. "माफ करा, बापाक. उभ्याने गेलो. मला दुसरा इलाज—"

"असं अजून आहे त्याच्यात?"

"दहा आहेत, बापाक."

"मग चाल की," म्बाह म्हणाले. "आणि वाकू नकोस. तू वाकलास की मी गप्प होतो."

हर्योतो उठला, त्याने सदरा सारखा केला आणि तो सासऱ्यासमोरून ताठ चालत गेला.